ऑनर ब्रेननचं लग्न कुठे लागलं?

कॅहल सात वर्षांचा असताना त्याच्या शाळेची सहल स्लायगोच्या समुद्रकिनाऱ्यावर गेली, तेव्हा त्याची आई डिंपना किल्गॅलन आपली छोटी गाडी काढून त्या बसच्या मागोमाग चाळीस मैल गेली होती. विचारणाऱ्यांना तिने सांगितलं, पडद्याचं कापड आणायला चाललेय. किनाऱ्यावर एका बाकाआड बसून ती पोरांची डोकी मोजत होती. कॅहलच्या बाईंनी तिला पाहिलं आणि लांबूनच हाक मारली, "काय हो मिसेस किल्गॅलन, मिळालं का कापड?"

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तरी अजून डिंपनाचा चेहरा जरा ओढलेला दिसला की किलवार्ना गावच्या दुकानात कुणीतरी विचारतंच, "आज पुन्हा पडदे वाटतं?"

डिंपनाही हसते. तशी ती भित्री बाई नव्हे. गॉलवेच्या कॉलेजात इतिहास घेऊन पदवी मिळवलेली, गावच्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून अधूनमधून शिकवलेली, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं नऊ वर्षं केलेली. गेली बावीस वर्षं चर्चच्या किल्ल्या, फुलं, वेदीवरची कापडं हे सगळं तिच्याकडे होतं. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याला, मॅलकीला, अंगणात अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिने त्याला कुशीवर वळवलं, ॲम्ब्युलन्सला फोन केला, आणि ती येईपर्यंत त्याच्या कानाशी शांतपणे बोलत राहिली. संकट दारात आलं की तिचे हात स्थिर असत. ते यायचं असलं, की मात्र तिला बसवत नसे.

कॅहल सहा वर्षांपासून शिकागोत सुतारकाम करत होता. जानेवारीतल्या एका रविवारी त्याने व्हिडिओ फोन केला तेव्हा पडद्यावर त्याच्या शेजारी शॅनन होती, त्याची मैत्रीण, लाल केसांची, बोलताना हात हलवणारी. दोघं लग्न करणार होते.

मॅलकीला झटक्यानंतर शब्द एकेक करून सापडत, पण खोडी कमी झाली नव्हती. तो म्हणाला, "आपल्या... नदीचं... नाव... ठेवलंय पोरीला. पूर... आला म्हणजे?"

"बाबा!" कॅहल ओरडला. शॅनन मात्र खळखळून हसली. "आमच्याकडे हे कुणालाच माहीत नाही हो. इथे निम्म्या मुली शॅनन आहेत."

मग ती जरा गंभीर झाली. "डिंपना, एक विचारायचं होतं. माझी पेग आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिची एकच इच्छा आहे. तिचे पणजी-पणजोबा तुमच्याच भागातले. थॉमस डर्कन आणि ऑनर ब्रेनन. आजीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात कुणीतरी लिहून ठेवलंय, किलवार्ना पॅरिश, फेब्रुवारी १८६१. त्यांचं लग्न ज्या चर्चमध्ये झालं ते सापडलं तर माझं लग्न तिथेच व्हावं असं तिला वाटतं. ती विमानातसुद्धा बसेल म्हणते. नाही सापडलं तर मग इथेच, आमच्या चर्चमध्ये, जिथे चार पिढ्यांची लग्नं लागली."

"सापडेल की," डिंपना म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच चढा वाटला.

मॅलकीला विमानात बसवायचं नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलेलं होतं. त्याला सोडून डिंपना तीन वर्षांत एक रात्रही कुठे गेली नव्हती. लग्न शिकागोत झालं, तर एकुलत्या एका मुलाचं लग्न ते दोघं स्वयंपाकघराच्या टेबलावर साखरेच्या भांड्याला फोन टेकवून बघणार होते. फोन बंद झाल्यावर दोघांनीही त्या भांड्याकडे पाहिलं. डिंपनाने ते उचलून कपाटात ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी ती फादर फिंटन यांच्या घरी गेली. फादर दूर केरीकडचे, तीन पॅरिश, म्हणजे तीन गावांची चर्च-मंडळं, एकट्याने सांभाळणारे, सदा गाडीत. जुन्या वह्या त्यांच्या बैठकीतल्या लोखंडी कपाटात होत्या.

"तुझ्या मुलाच्या सासरचे का?" त्यांनी विचारलं. "मग काय, आता सापडेपर्यंत तू जेवायची नाहीस. मी बॅलिनाला चाललोय. कुलूप लावून किल्ली खिडकीत ठेव."

तिला दीड तास लागला. शाई तपकिरी झालेली, अक्षर किरटं, लॅटिन आणि इंग्रजीची सरमिसळ. पण नोंद होती. बारा फेब्रुवारी १८६१. थॉमस डर्कन. ऑनर ब्रेनन, वाडी कराबेग. दोन साक्षीदार. पानाच्या माथ्यावर वळणदार अक्षरात 'किलवार्ना'. डिंपनाने पानाची प्रत काढली, आणि कोट अंगात घालायच्या आधीच शॅननला लिहून पाठवलं: सापडलं! आमचंच चर्च!

त्या संध्याकाळी पेग आजीचा स्वतःचा फोन आला. करारी आवाज, शाळामास्तरणीसारखा, पण मधूनच चिरकणारा. "म्हणजे माझी पणजी तिथे, त्याच वेदीपुढे उभी राहिली होती? त्याच फरशीवर?"

"हो," डिंपना म्हणाली. तिने त्या फरशीला बावीस वर्षं पोचा मारला होता.

"मी आजच आमच्या पाद्रीबाबांना सांगते. आणि माझ्या बहिणीला. ती मला वेडी म्हणते. पोरी, तुझं कल्याण होवो."

त्रेसष्ट वर्षांच्या डिंपनाला 'पोरी' ऐकून रडू आलं.

मॅलकीने दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू केला. चर्चच्या दारापासून पुढच्या बाकापर्यंत एक्केचाळीस पावलं होतात, हे डिंपनाला ठाऊक होतं. तेवढं अंतर तिने अंगणात खडूने आखून दिलं. पहिल्या आठवड्यात वॉकर धरून. मग एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताला डिंपना. मुलाबरोबर आत चालत जायचं, खुर्चीत बसून ढकलत न्यायचं नाही, एवढाच त्याचा हट्ट होता. वर्षभर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंच्या नावाने बोटं मोडणारा माणूस आता स्वतःहून टोपी घालून दारात उभा राहत असे. "चल," म्हणत असे. "शिकागोवाले... आलेत... समज."

फेब्रुवारीच्या शेवटी पेग आजीने एक साधी मागणी केली. ज्या दारातून पणजी आत आली असेल, त्या दाराचा फोटो हवा होता. डिंपनाने चर्चमधली सकाळची प्रार्थना, मिस्सा, आटोपल्यावर अंगणातल्या कुंड्या बाजूला केल्या, चार पावलं मागे गेली आणि फोटो काढला. पाठवण्याआधी चांगला आलाय का म्हणून मोठा करून पाहिला.

दाराच्या कमानीवर, क्रुसाच्या खाली, दगडात कोरलेले चार आकडे होते. १८७४.

त्या दाराआड तिचा बाप्तिस्मा झाला होता, लग्न झालं होतं, आईबापांच्या शवपेट्या त्याच दारातून बाहेर गेल्या होत्या. दर शनिवारी ती त्या दगडाखाली उभी राहून किल्ली फिरवत असे. पण चर्च हे तिच्या लेखी डोंगरासारखं होतं, ते आधीपासूनच असतं. ते कधी बांधलं, हा प्रश्न इतिहास शिकलेल्या बाईच्याही मनात कधी आला नव्हता. ती पायरीवर बसली, आणि कमान येणार नाही अशा बेताने फोटोचा वरचा भाग कापून उरलेला पाठवून दिला.

पुढचे नऊ दिवस तिने हे कुणालाही सांगितलं नाही. मॅलकीला तर नाहीच. तो आता काठीवर सव्वीस पावलं जात होता. ती भाजी चिरताना थांबे, नळ सोडून विसरे, वेदीचं एकच कापड पुन्हा पुन्हा इस्त्री करी. स्वतःशी वाद घाली. कुणाला कळणार आहे? एक म्हातारी बाई समाधानाने एका वेदीपुढे उभी राहील, यात कुणाचं काय जातं? मग दुसरा आवाज येई: कुणीतरी मान वर करून बघेल. लग्नाच्या फोटोत ते चार आकडे येतील. चाळीस अमेरिकन माणसं, त्यांतल्या एकाला तरी वाचता येत असेल. आणि मग कॅहलच्या संसाराची पहिली गोष्ट ही असेल, की त्याच्या आईने खोटं सांगितलं.

दुकानात काउंटरवरच्या बाईने विचारलंच, "कुठल्या खोलीचे पडदे?"

दहाव्या दिवशी तिने फादरांना गाठलं. आडून विचारलं. चर्चच्या आधी इथे काय होतं?

"गवताने शाकारलेलं एक चॅपल, छोटंसं प्रार्थनाघर, होतं म्हणतात," फादर गाडीचं दार धरून म्हणाले. "तळ्याच्या टोकाला, दफनभूमीत. आता तिथे फक्त जमिनीतला उंचवटा दिसतो. का?"

"सहज."

घरी येताना तिला जरा श्वास घेता आला. ठीक आहे. चर्च नाही, तर चॅपल. उंचवटा तर उंचवटा. सांगायचं की अहो, जुनी वास्तू तिथे होती, नंतर हे नवं झालं, पॅरिश तीच, माणसं तीच. म्हातारीला उंचवट्यापर्यंत नेता येईल. हे अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्यावर झोप लागेल असं तिला वाटलं. पत्रात नेमके शब्द वापरावेत म्हणून तिने नोंदीची प्रत काढून टेबलावर पसरली आणि चहा टाकायला वळली.

मॅलकी टेबलाशी बसला होता. त्याने चांगल्या हाताने प्रत जवळ ओढली. चहा उकळेपर्यंत त्याचं बोट पानावरून खाली सरकत होतं, पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली.

"लिसडफ," तो म्हणाला. "टॉना. कराबेग. नॉकरो."

"वाड्यांची नावं आहेत ती. नवऱ्या मुलींच्या. त्या दिवशी सात लग्नं झाली, उपासकाळाच्या आदल्या दिवशीचा मंगळवार होता ना. चाळीस दिवस लग्नं बंद, म्हणून सगळ्यांची घाई. साखर किती घालू?"

"क्लूनमोर. अदरगूल. डूगारी." त्याने बोट आपटलं. "माझी... फेरी."

"काय?"

"माझी फेरी आहे. ही."

डिंपनाने गॅस बंद केला. मॅलकी एकतीस वर्षं किलवार्नाचा पोस्टमन होता. आधी सायकलवर, मग हिरव्या गाडीतून, तळ्याला वळसा घालून सातही वाड्यांची पत्रं तो वाटत असे.

"अरे, त्याच वाड्या आहेत, म्हणून तुला वाटतं तसं. दुसऱ्या वाड्या आहेतच कुठे इथे?"

"क्रम," मॅलकी म्हणाला. चिडून त्याचा चेहरा लाल झाला, शब्द जिभेशी येऊन अडत होते. "क्रम बघ. टॉनानंतर... नॉकरो नाही करता येत. मध्ये... दलदल. आधी कराबेग. मग... पूल. मग नॉकरो. कुणीही... जाऊ दे. असंच जावं लागतं." तो दम घेऊन थांबला. "लोक... चर्चला आले असते... तर जो आधी आला... तो आधी. कोण कुठूनही. हा... फिरलाय. फादर. घोड्यावर."

डिंपना त्याच्या खांद्यावरून पानाकडे बघत राहिली. एक दिवस, एकच पाद्री, सात लग्नं, सात वाड्या, आणि तळ्याभोवतीच्या रस्त्याने एकामागून एक. पहाटे लिसडफहून निघून अंधार पडायच्या आत डूगारी.

तिने फादरांना फोन लावला. या वेळी आडून विचारलं नाही.

"हो, हो," फादर म्हणाले, मागे गाडीचा आवाज येत होता. "या बाजूला तीच रीत होती. लग्न नवरीच्या घरी, चुलीपुढे. पाद्री घरोघर जायचा. बिशपलोकांना ते आवडत नसे, त्यांनी नंतर बंद पाडलं. मी तुला सांगितलं नव्हतं का? पण आता मला घरात लग्न लावायला सांगू नकोस हं, मला परवानगी नाही."

म्हणजे चर्च नव्हतंच. चॅपलसुद्धा नव्हतं. सांगण्यासारखं अर्धं खरंही उरलं नव्हतं.

तिने मॅलकीला मग सगळं सांगितलं. आकड्यांचा दगड, कापलेला फोटो, नऊ दिवस. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला... का नाही... सांगितलंस?"

"तू सव्वीस पावलं चालत होतास."

मॅलकीने चहाचा पेला फिरवला. "सत्तावीस," तो म्हणाला. मग म्हणाला, "ब्रेननांचं घर... मला माहीत आहे. शेवटची... म्हातारी गेली... तोपर्यंत पत्र टाकलंय. आता लॉफ्टसकडे."

कराबेगच्या वाटेवर डिंपनाची गाडी दोनदा चिखलात अडली. ऑस्टिन लॉफ्टस सत्तरीचा मेंढपाळ, एका हातात दुधाची बाटली, दुसऱ्या काखेत कोकरू, कुंपणाशीच उभा होता.

"ये ये. चर्चचं काही मागायला आली असशील तर मी घरी नाही."

"ब्रेननांचं घर बघायचंय."

"ते? त्यात मेंढ्या आहेत. व्यायला लागल्यात बाई, आठवडाभर मी झोपलेलो नाही."

घर म्हणजे चार दगडी भिंती आणि वर ऑस्टिनने टाकलेले पत्रे. आत ओला पेंढा, लोकरीचा उग्र वास, आणि बावीस मेंढ्या मान वळवून तिच्याकडे बघणाऱ्या. पण चूल होती. रुंद, माणूस आत उभा राहील एवढी, आणि वरच्या दगडावर पिढ्यांची काजळी. तिच्यापुढची जमीन सपाट दगडांची, मधोमध झिजून खोल झालेली. एक मेंढी नेमकी तिथेच आडवी पडली होती, आणि तिच्या पोटाशी तासाभराचं कोकरू धडपडत उभं राहत होतं.

"काय शोधतेस?" ऑस्टिनने विचारलं.

तिने सांगितलं. तो मोठ्याने हसला. "अमेरिकेची म्हातारी इथे येणार? या शेणात? तिला सांग, येताना बूट आण. आणि पत्र्याला भोकं आहेत, छत्री आण."

डिंपना हसली नाही. परत येताना एक गोष्ट पक्की झाली होती. हे असं, मेंढ्यांसकट, सांगायचं. आता नाही सांगितलं तर नऊचे नव्वद दिवस होतील.

शिकागोत सकाळ असताना तिने फोन केला. पडद्यावर शॅनन, कॅहल, आणि खुर्चीत ताठ बसलेली पेग आजी. मॅलकी डिंपनाच्या शेजारी बसला. तिने एका दमात सगळं सांगितलं. चर्च नंतरचं आहे. लग्न घरात लागलं. घरात आता मेंढ्या आहेत. चूक माझी आहे.

पेग आजीने विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"घराचं परवा. चर्च ते नाही हे... बारा दिवसांपूर्वी."

"आणि त्या बारा दिवसांत मी आमच्या सगळ्या पॅरिशला सांगत फिरले. तू मला दाराचा फोटो पाठवलास."

"हो. वरचा भाग कापून."

"कापून," म्हातारी म्हणाली. तिने हात उचलला, पडद्यावर क्षणभर छत दिसलं, आणि फोन बंद झाला.

पुढचे तीन दिवस डिंपनाने फोन खिशात ठेवला, मग उशीखाली, मग चर्चमध्ये वेदीच्या मागे, जिथे तो ठेवायचा नसतो. कॅहलने फक्त एवढं कळवलं: आजी बोलत नाहीये. थांब. डिंपनाच्या मनात शिकागोचं लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत लागून झालं होतं. कुठला सूट, कुठली फुलं, फोनचा आवाज मधेच कसा तुटेल, मॅलकी काय म्हणेल आणि न बोलता कसा उठून जाईल. तो मात्र रोज टोपी घालून दारात उभा राहत होता.

"कशाला?" ती एकदा चिडून बोलली. "कुठे जायचंय आता?"

"सवय... मोडेल," तो म्हणाला, आणि खडूच्या रेघेवर काठी टेकली. पावसाने रेघ निम्मी पुसली होती. डिंपना त्याचा हात धरून चालली. त्या दिवशी बत्तीस झाली. तिने मनातल्या मनात मोजली.

चौथ्या दिवशी दुपारी शॅननचा फोन आला. एकटीच होती, आणि डोळे सुजलेले. डिंपनाने काळीज घट्ट केलं.

"डिंपना, आजीने विचारलंय, त्या घराचा उंबरा किती उंच आहे?"

"उंबरा?"

"तिची चाकांची खुर्ची आत जाईल का ते बघायचंय. तीन दिवस आम्ही कुणीच तिच्याशी बोलू शकलो नाही. आज न्याहारीला बसली आणि म्हणाली, त्या बाईला सांग, मी तिच्यावर अजून रागावलेली आहे. नीट सांग, विसरू नकोस. आणि मग उंबऱ्याचं विचारलं."

"मग लग्न..."

"तुमच्याच चर्चमध्ये. ऑगस्टच्या सोळा तारखेला. फादरांना विचारून घ्याल ना? पण आदल्या दिवशी आजीला त्या घरात न्यायचं, आणि तिथे तिला एकटीला थोडा वेळ बसू द्यायचं. मेंढ्या बाहेर काढता येतील ना?" शॅनन नाक पुसत हसली. "ती म्हणते, एकदोन राहिल्या तरी चालतील."

डिंपनाने फोन ठेवला. मॅलकीने सगळं ऐकलं होतं. तो टेबलाला धरून उठला, टोपी घातली.

"अरे, आत्ता कुठे?"

"टेप... घे," तो म्हणाला. "मोजायची."

कराबेगला मॅलकी गाडीतच बसला, काच खाली करून. त्या वाटेवर तो तीन वर्षांनी आला होता, आणि प्रत्येक फाटकाकडे असा बघत होता, की जणू तिथे अजून काही टाकायचं राहिलंय. ऑस्टिनने त्याच्या खिडकीशी येऊन त्याच्या दंडावर एक गुद्दा मारला. "काय रे, वीजबिलं आणलीस का? तूच सगळी आणायचास, मेल्या." मॅलकी इतका हसला की त्याला ठसका लागला.

डिंपना दारात गुडघ्यावर बसून उंबरा मोजत होती. अखंड दगडी शिळा, मधोमध झिजलेली. "आठ इंच," ती म्हणाली. "कडेला साडेआठ."

"फळी टाकू," ऑस्टिन म्हणाला.

"ओली झाली तर घसरेल."

"खडबडीत टाकू. वर वाळू."

"आणि पाऊस लागला तर? वाळू वाहून जाईल. आणि आतली जमीन वाकडी आहे, खुर्ची चुलीकडे कलेल."

"मी धरीन ना मागून."

"तुझी कंबर धड आहे का?"

ऑस्टिनने टोपी काढून डोकं खाजवलं आणि गाडीकडे बघून ओरडला, "मॅलकी, हिला काहीतरी सांग! ऑगस्टला अजून पाच महिने आहेत!"

"पाचच?" डिंपना म्हणाली, आणि टेप घेऊन दाराची रुंदी मोजायला उठली.